धाकटीनं हात बदलले

...छे छे, ते आधी खोड. 'स्वभावाने प्रेमळ होत्या' म्हणे! प्रेमळ काय, मेल्यावर सगळेच होतात. आणि 'होत्या' कसल्या? चांगली धडधाकट आहे ती, या घटकेला मागे चादरी झटकतेय. कानावर गेलं तर तुझाच कान धरेल. हट्टी आहे, असं लिही. तुझी धाकटी आजी म्हणजे माझी जाऊ, आणि माझी जाऊ म्हणजे हट्टाचं पोतं. लिहिलंस? आता मी सांगते तसं लिहीत जा, मध्ये तुझं शहाणपण नको.

तर ही धाकटी गोल्फ क्लबाच्या लाँड्रीत कामाला. टॉवेल, टेबलांवर घालायची कापडं, पाहुण्यांच्या खोल्यांतल्या चादरी, उशांचे अभ्रे, सगळं तिच्या हाताखालून जातं. तिचा नवरा, म्हणजे माझे भावजी, ते तिथेच गवत कापायचं मशीन चालवतात. क्लबाच्या भिंतीला लागून नोकरांच्या खोल्या आहेत, त्यांतल्या शेवटच्या दोन आमच्या. खिडकी उघडली की गवताचा वास आणि मशीनची घरघर.

गोल्फ म्हणजे काय ते ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी एवढंच लिही, की लांब काठीने बॉल मारत मारत भोकात घालायचा आणि जितक्या कमी फटक्यांत घालाल तितकं चांगलं. आकडा वाढला म्हणजे खेळ बिघडला. बास. एवढ्यासाठी लोक सकाळी उठून मैलभर चालतात. मलाही आधी वाटायचं, यांना घरी काही कामं नाहीत का!

सोमवारी मैदान मेंबरांना बंद असतं. पाणी मारणं, गवत कापणं, खड्ड्यांतली वाळू सारखी करणं, ही सगळी कामं उरकली की दुपारनंतर नोकरांना खेळायची मुभा. खेळायचं कशाने? मेंबरांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी. कुणाची मूठ उसवलेली, कुणाची दांडी वाकलेली. आणि वर्षातून एकदा शेजारच्या क्लबाच्या नोकरांबरोबर सामना. आपल्याकडून चौघं जातात. आधीचे काही सोमवार सगळ्यांचे आकडे चहाच्या खोलीतल्या फळ्यावर लिहितात, त्यांतून मुकादम चौघांना निवडतो. मुकादम म्हणजे माळ्यांचा मुख्य. आवाज असा, की झाडावरचं पाखरू उडावं.

या चौघांत धाकटी दर वर्षी. नुसती नाही, पहिली. एकटी बाई, आणि पहिला फटका तिचा. दोन्ही क्लबांची माणसं दोन्ही बाजूंना उभी, सगळे गप्प, आणि मध्ये ही एवढीशी बाई काठी घेऊन. वर्षभर चादरींना इस्त्री करणाऱ्या बाईकडे कोण बघतं रे? त्या एका दिवशी सगळे बघायचे. ती जागा तिला जिवापाड प्यारी होती, हे नीट लिही, कारण पुढचं सगळं त्या जागेवरून झालं.

आता ती शिकली कशी, ते ऐक. कुणी शिकवलं नाही. लाँड्रीच्या खिडकीतून समोरच मेंबरांची सरावाची जागा दिसते. हे लोक खिडकीकडे तोंड करून उभे राहतात आणि बॉल एका बाजूला मारतात. धाकटी इस्त्री फिरवता फिरवता वर्षानुवर्षं बघत राहिली. समोरचा हात वर नेतो, कंबर वळवतो, तसंच ही खिडकीच्या आतून करायची, हातात कपडे ढवळायचा दांडका धरून. आरशात बघून वेणी घालावी तसं. मग एकदा खरीखुरी काठी हाती आली. पण काठीला तोंड एकाच बाजूला असतं, तिने शिकलेल्या बाजूने मारलं तर बॉलला काठीची पाठ लागते. म्हणून हिने काय केलं, पाय फिरवून उभी राहिली. पाय फिरवले, पण हात होते तसेच राहिले! उजवा हात खाली हवा, तर हिचा डावा खाली. आणि कुणाच्या लक्षात येईल? माळी, आचारी, फाटकवाला, सगळे असेच बघून बघून शिकलेले. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. हिची जरा जास्त वेगळी, एवढंच.

पण बॉल जायचा सरळ. लांब नाही जायचा, पण दोरीवरून सोडल्यासारखा सरळ. बाकीचे झुडपांत बॉल शोधत फिरायचे आणि ही आपली टुकटुक करत भोकापाशी. नऊ होलांचा, म्हणजे नऊ भोकांचा मिळून, तिचा आकडा नेहमी पन्नाशीच्या आत.

मग गेल्या वर्षी टॉवेल पोचवणारा शिपाई आजारी पडला, आणि टॉवेल घेऊन धाकटीला स्वतः सरावाच्या जागेवर जावं लागलं. तिथे एक चष्मेवाल्या बाई खेळत होत्या. धाकटी त्यांच्या पाठीमागे उभी. आयुष्यात पहिल्यांदा पाठीमागून बघत होती. बघते तर बाईंचा उजवा हात खाली. धाकटीने टॉवेल काखेत मारले आणि स्वतःचे हात धरून पाहिले. पुन्हा बाईंकडे बघितलं. पुन्हा स्वतःकडे. पलीकडच्याचा बघितला, त्याचाही उजवा खाली. सगळ्यांचाच!

घरी आली ती थेट माझ्याकडे. मी भाजी चिरत होते.

"जाऊबाई, तो झाडू घ्या बरं हातात."

"का गं बाई, आज मी झाडू?"

"झाडू नका, नुसता धरा. खालचा हात कुठला?"

"उजवा."

तिने झाडू घेतला. तिचा डावा खाली. "बघा," म्हणाली, "झाडूसुद्धा उलटाच धरतेय मी. इतकी वर्षं!"

मी म्हटलं, "कचरा निघतो ना?"

"निघतो."

"मग झालं तर."

पण तिचं व्हायचं होतं कुठे! भावजी आले, त्यांनाही झाडू धरायला लावला. ते बिचारे घाबरले, त्यांना वाटलं घर झाडायला सांगतेय. ऐकल्यावर हसत सुटले. "अगं, उलटे तर उलटे, जिंकतेस ना! चालत्या मशीनला पाना लावायचा नसतो."

"जिंकते," धाकटी म्हणाली, "पण बॉल दर वर्षी दोन पावलं अलीकडे पडतोय. तुम्हाला दिसत नाही, मला दिसतं. या हातांत जेवढं होतं तेवढं निघालं. आता यांतून काही येणार नाही."

"वय होतंय आपलं."

"वय तुमचं होऊ दे," म्हणाली. "माझे हात चुकीचे आहेत, हे मला कळलंय. कळल्यावर कसं गप्प बसू?"

आणि खरंच गप्प बसली नाही. लाँड्रीत दांडका घेतला तर उजवा हात खाली, झाडू घेतला तर उजवा खाली. खालचा हात कुठला हे घटकाघटकाला बघायची. घर झाडताना कचरा दारातून बाहेर जायचा तो माझ्या चपलांत जायला लागला.

पहिल्या सोमवारी मैदानावर गेली. सगळे जमलेले. धाकटीने नव्या हातांनी काठी उचलली, फिरवली, आणि बॉल जागचा हललाच नाही. मातीचं ढेकूळ मात्र पुढे जाऊन पडलं. फाटकवाला म्हणाला, "वहिनी, गवत काढायला दादा आहेत की, तुम्ही कशाला?" हशा पिकला. भावजीही हसले, मग तिचा चेहरा बघून खोकल्याचं निमित्त केलं.

दुसरा फटका झाडांत. तिसरा भलत्याच होलाकडे. त्या दिवशी आकडा सत्तरीला टेकला. चहाच्या खोलीत मुकादमाने फळ्यावर लिहिला आणि खडू हातात धरून बघतच राहिला. "बाई, हा आकडा तुमचाच ना?"

"माझाच. जरा मोठ्या अक्षरात लिहा, मागच्यांना दिसत नसेल."

मी घरी विचारलं, "किती झाले?" म्हणाली, "तुमचं वय गाठलं, जाऊबाई." आणि हसली. पण जेवताना घास तोंडाशी नेऊन थांबायची, हे मी बघितलं.

पुढचे सोमवार असेच. कधी सत्तर, कधी त्याच्या जरा खाली, कधी वर. फळ्यावर पहिल्या ओळीतली धाकटी घसरत घसरत तळाशी गेली. ज्याला कालपरवा काठी धरायला तिनेच शिकवलं होतं तो आचाऱ्याचा मदतनीससुद्धा तिच्या वर गेला, आणि जाता येता तिला "सावकाश शिका, घाई नाही" म्हणायला लागला. तिने त्याला म्हटलं, "तुझा ॲप्रन परवा धुवायला आलाय रे, त्यावर काय काय सांडलंय ते मी अजून कुणाला सांगितलं नाही."

पण एकदा ती मोडली. तेही लिही, नाहीतर लोकांना वाटेल दगडाचीच आहे. असाच एक सोमवार, पाच होल झालेले, बॉल सगळे काट्याकुट्यांत, हाताला फोड आलेले. सहाव्या होलाला मागून कुणीतरी म्हणालं, "वहिनी, एकदा जुन्या हातांनी मारून दाखवा हो, खेळ बघून किती दिवस झाले." आणि हिचे हात आपोआप फिरले. डावा खाली. टुक. बॉल दोरीवरून सोडल्यासारखा सरळ गेला. टाळ्या पडल्या. भावजींनी तर टोपी उडवली.

धाकटी चालत बॉलपाशी गेली. तिथे एक बोडकं झुडूप आहे, त्याच्या अलीकडे बॉल पडला होता. आदल्या वर्षीही तिथेच पडायचा, त्याच्या आधीच्या वर्षी झुडपाच्या जरा पलीकडे. तिला असं झालं, की जुन्या घरात जावं आणि सगळं जिथल्या तिथे असावं, फक्त आपल्यालाच त्या घरात राहायचं नसावं. लोक टाळ्या वाजवत होते आणि हिला संताप येत होता. स्वतःचाच. पुढचे होल पुन्हा नव्या हातांनी खेळायला गेली, तर आता तेही जमेनात. हातांना कळेचना कुठला खाली नि कुठला वर. आकडा पार आभाळाला भिडला. घरी येऊन म्हणाली, "जाऊबाई, आज मी टाळ्यांसाठी खेळले. पुन्हा खेळणार नाही." तेव्हापासून जुने हात म्हणून तिने काठीला लावले नाहीत.

आता निवडीचा शेवटचा सोमवार. तीन जागा ठरल्यासारख्याच होत्या. चौथ्या जागेसाठी धाकटी आणि, हसू नकोस, भावजी! आयुष्यात कधी चौघांत न आलेले भावजी, बायकोचा आकडा वाढला म्हणून त्या दिवशी तिच्या बरोबरीला आले होते. दुपारी दोघं एका घरातून निघाली ती एकमेकांशी न बोलता. भावजी कसनुसं तोंड करून, आणि ही ताठ.

पहिले दोन होल बरे गेले. लांबच्या फटक्याला वेगळी काठी असते, जवळच्याला वेगळी; तिसऱ्याला तिने तिची नेहमीची मधली काठी घेतली. त्या अंतराला ती कायम तीच घ्यायची. मारली, आणि हाताला वेगळंच काहीतरी लागलं. लागलं म्हणजे, काही लागलंच नाही असं. आवाज असा, की ओली चादर दोन्ही टोकांनी धरून झटकावी, तसा. बॉल वर गेला, इतका वर की ती बघतच राहिली. आणि भोकात रोवलेल्या झेंड्याच्या डोक्यावरून पलीकडे वाळूत पडला. वाळूतून काढायला किती फटके गेले, विचारू नकोस.

तिला वाटलं, चुकला. पाचव्याला पुन्हा तसंच. सरळ, उंच, आणि झेंड्याच्या पलीकडे. सातव्यालाही. नुसता आकडा वाढत होता.

नववा होल लाँड्रीच्या मागच्या कुंपणाला लागून. कुंपणापलीकडे धाकटीच्याच हातच्या चादरी वाळत घातलेल्या. भावजी आणि ती अगदी बरोबरीला. धाकटीने तीच मधली काठी घेतली, तोच आवाज, बॉल झेंड्यावरून, कुंपणावरून, थेट चादरींत. कुंपणाबाहेर गेला की तो फटका वाया, वर एक फटका दंड, आणि पुन्हा मागूनच मारायचं.

ती बॉल आणायला कुंपणाच्या फटीतून आत गेली. चादर पांढरीशुभ्र, सकाळीच धुतलेली, आणि मधोमध मातीचा गोल शिक्का. तिने ती चादर हातात धरली. आणि हसायला लागली. भावजी कुंपणापलीकडून ओरडले, "अगं काय झालं? लागलं का कुठे?"

"अहो," ती म्हणाली, "हा चुकलेला नाही. लांब गेलाय!"

"लांब म्हणजे चुकलेलाच ना!"

"नाही हो! हात बरोबर आहेत. काठी चुकतेय. मी जुन्या हातांची काठी घेतेय आणि नव्या हातांनी मारतेय. इतकी वर्षं इथून बॉल झेंड्यापाशी कसाबसा पोचायचा, आज कुंपण ओलांडून गेला!"

भावजींना काही कळलं नाही. ते मशीनवाले, त्यांना बॉल गवतात दिसला म्हणजे मिळवली. ती परत आली, जवळच्या फटक्याची काठी घेतली, पण ती काठी कधी एवढ्या लांबून वापरलेली नाही, तो फटका रांगतच गेला. भावजी जिंकले. एका फटक्याने.

चहाच्या खोलीत गर्दी. मुकादमाने भावजींचं नाव चौथं लिहिलं आणि खडू खाली ठेवलाच नाही. सगळ्यांना बाहेर काढलं, या दोघांना थांबवलं. पण त्याचा आवाज! दाराबाहेर सगळ्यांना शब्दन्‌शब्द ऐकू.

"बाई, स्पष्ट बोलतो. यांना घेऊन गेलो तर आपण हरतो."

"खरं आहे," भावजी म्हणाले.

"तुमच्या हातांत अजून जुना खेळ आहे. त्या दिवशी सहाव्याला मी बघितला. सामन्यापुरते हात फिरवा. एक दिवस! मी यांना बसवतो, तुम्हाला पहिली जागा देतो, नेहमीसारखी."

"हो हो," भावजी म्हणाले, "मी बसतो. मला बसायला आवडतं."

पहिली जागा समोर ठेवलेली. दोन्ही बाजूंना माणसं, सगळे गप्प, मध्ये ती. फक्त उजवा हात वर घ्यायचा नि डावा खाली. इतकंच.

"मुकादम, तुम्हाला मी हवी आहे की माझे जुने हात?"

"दोन्ही एकच की!"

"एक नाही. मी हवी असेन तर अशी आहे, सत्तर आकड्याची. चौघांत बसत नाही, मला मान्य. जुने हात मात्र मागू नका. ते धुऊन टाकले."

"बाई, हट्ट बरा नव्हे. आम्ही सगळे तोंडावर आपटू."

"आपटा," ती म्हणाली. "मी इतके सोमवार आपटतेय, कुणी मेलेलं नाही."

आणि उठून आली. भावजी मागून येताना म्हणाले, "अगं, एका दिवसाचा तर प्रश्न होता."

"तुम्ही एक दिवस डोळे मिटून मशीन चालवाल?" तिने विचारलं.

सामन्याच्या दिवशी तिने भावजींचा शर्ट स्वतः इस्त्री केला. कॉलर अशी, की हात कापेल. त्यांच्या पिशवीत काठ्या लावून दिल्या. ते दारात घुटमळले, "तुला वाईट वाटतंय का?"

"वाटतंय," ती म्हणाली. "खूप वाटतंय. जा आता, गाडी निघेल."

हरले. सपशेल हरले. भावजींनी पहिलाच बॉल समोर उभ्या असलेल्या आपल्याच मुकादमाच्या पायावर मारला म्हणे. संध्याकाळी सगळे आले ते तिच्यावरच घसरले. तुमच्यामुळे झालं, वहिनी. तुमच्या हट्टापायी गेलं सगळं. ती अभ्र्यांच्या घड्या घालत होती, मान वर केली नाही. "मी तिथे नव्हतेच," म्हणाली, "मग माझ्यामुळे कसं? जे होते त्यांना विचारा." भावजी मागच्या मागे पसार.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा मैदानावर. एकटी, काठ्या घेऊन. आता कुठल्या अंतराला कुठली काठी, हे सगळं नव्याने शिकायला बसली. इतक्या वर्षांचा हिशेब मोडून पहिल्यापासून. अजूनही आकडा पन्नाशीच्या आत आलेला नाही, खोटं लिहू नकोस. पंचावन्न, सत्तावन्न, मध्येच एखादा चौसष्ट. कधी बॉल झेंड्यापाशी, कधी माझ्या अंगणात. लोक अजून म्हणतात, चांगला खेळ होता, हातचा घालवला. ती ऐकते नि काठी पुसते. त्यांना भीक घालत नाही.

आता हे सगळं आजच का लिहायला बसवलं? कारण यंदाचा सामना जवळ आलाय, आणि सकाळी मुकादमाचा निरोप आला. म्हणे चौथी जागा रिकामी ठेवलीय, धाकटीने एका दिवसापुरते जुने हात लावले तर तिची, नाहीतर पुन्हा भावजी. निरोप ऐकून ती मला म्हणाली, "तुम्हीच सांगा त्याला काय ते, माझ्या चादरी वाळतायत." म्हणून तू उद्या फाटकातून जाशील ना, तेव्हा मुकादमाला गाठ आणि हे सगळं वाचून दाखव. त्याला सांग, धाकटीचे हात आहेत तेच राहणार. आकडा मोजायचा असेल तर सोमवारी सगळ्यांबरोबर मोज आणि बसली तर घे, नाही बसली तर नको. आणि माझ्याकडूनही सांग, की भावजींना नेणार असशील तर समोर उभं राहू नकोस. मोठ्याने सांग हो, सगळ्यांना ऐकू जाऊ दे.